चोचवाले सर

आमच्या माडीवर राहणाऱ्या सरांना चिखलीत सगळे 'चोचवाले सर' म्हणायचे. त्यांचं नाक काही चोचीसारखं नव्हतं, चांगलं बसकं होतं. पण कोणालाही काही समजावून सांगायचं झालं की सर दोन्ही हात पुढे करायचे, मनगटं एकमेकांना चिकटवायचे आणि पंजे फाकवायचे. झाली चोच.

"कावळा हावरा असतो," ते म्हणायचे. "त्याची चोच नेहमी मोठ्या भाकरीकडे. उघडं तोंड इकडे, म्हणजे इकडचं मोठं. टोक तिकडे, म्हणजे तिकडचं लहान. समजलं?"

हे ते पोरांना शिकवायचे ते ठीक. पण दूधवाल्यालाही शिकवायचे. दूधवाला एकदा खाली येऊन मला म्हणाला, "वहिनी, सरले सांगा, दुधात पानी हाय असं सरळ म्हना. हात काऊन करून राह्यले माह्याकडं?"

सर माडीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे. तेव्हा गावात टीव्ही बऱ्याच घरी आले होते, पण हे मशीन नवीन होतं. काळा पडदा आणि त्याच्यावर हिरवी अक्षरं. शेजारची म्हातारी मोठ्या कष्टानं जिना चढून ते पाहायला गेली, थोडा वेळ बसली, आणि "यात देवाचं कधी लागते?" असं विचारून खाली आली. सरांनी तिलाही चोच करून दाखवली होती.

मी सकाळी माडी झाडून द्यायचे आणि त्यांचा दोन वेळचा डबा करायचे. त्यांना जवळचं कोणी नव्हतं. आईवडील लहानपणीच गेले, मोताळ्याकडे कोण्या काकाकडे वाढले, मग शिकायला बाहेर गेले आणि हे मशीन घेऊन आमच्याकडे आले. मी कोणाशी फारशी बोलत नसे. त्यांचं त्यावाचून काही अडलं नाही. दोघांचं ते एकटेच बोलायचे.

झाडता झाडता मला त्यांची विद्या थोडी कानावर पडायची. मशीनमध्ये शंभर गावांची नावं घातली, की पडद्यावर ती सगळी खालीवर दिसायची. मग सर एक अट टाकायचे. लोकवस्ती अमक्यापेक्षा मोठी. खटकन बाकीची नावं जायची आणि तेवढीच उरायची. मला एकदा राहवलं नाही. मी झाडू हातात धरूनच विचारलं, "सर, बाकीची गावं कुठी गेली?"

"कुठेच नाही, ताई. मागे उभी आहेत. अट काढली की येतील पुढे."

त्या दिवशी दुपारभर मला त्या गावांचं वाईट वाटत राहिलं. विनाकारण मागे उभं राहायचं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

अटीखेरीज त्यांची दोन चिन्हं होती. एक स्टार आणि एक प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह म्हणजे एकच अक्षर, पण कोणतंही चालेल. स्टार म्हणजे कोणतंही आणि कितीही. 'डो' लिहून पुढे स्टार टाकला की 'डो'पासून सुरू होणारी सगळी गावं हजर. आधी स्टार टाकून शेवटी 'खेड' लिहिलं की जगातली सगळी खेडं हजर. हे त्यांना इतकं आवडायचं की मशीनच्या बाहेरही ते तसंच वागायचे. सकाळी मी विचारायचे, "सर, भाजी कोणती करू?"

"स्टार!" ते वरून ओरडायचे. म्हणजे काहीही चालेल.

मी कारल्याकडे हात नेला की वरून आवाज यायचा, "कारलं सोडून!"

"मंग वांगं?"

"वांगं काल झालं. ते पण सोडून."

असं सोडून सोडून शेवटी बटाटा उरायचा. आमच्या घरचे, म्हणजे माझे मालक, म्हणायचे, "या मानसाचा स्टार लय बारीक हाय."

आठवडी बाजारात तर त्यांच्याबरोबर जायची सोय नव्हती. माळणीसमोर उकिडवे बसून ते म्हणायचे, "मुठीपेक्षा लहान, पण अंगठ्यापेक्षा मोठी, आणि देठ हिरवा, अशी वांगी दाखवा."

"काऊन बापा," माळीण म्हणायची, "वांगे घ्याले आले का पोरगी पाहाले?"

सर रागवायचे नाहीत. ते गंभीरपणे सांगायचे, "पोरगी पाहताना अटी कमी असतात, मावशी. तिथे लोक घाईत असतात."

माझी पिठाची चाळणी, रव्याची चाळणी आणि गव्हाची चाळणी त्यांनी एकदा क्लाससाठी नेली. अट म्हणजे काय ते पोरांना डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी गहू, तुरी आणि मोहरी एकत्र केली आणि चाळून दाखवायला लागले. तुरी वर राहिल्या, गहू मधे राहिला, इथपर्यंत छान झालं. पण खाली परात ठेवायची सर विसरले होते. मोहरी सगळ्या माडीवर पांगली. किती दिवस तरी ती त्यांना बटणांच्या फटीतून सापडत होती. एखादं अक्षर दाबलं जाईना की सर हाक मारायचे, "ताई, एक सुई द्या, मोहरी आहे."

पण त्यांची खरी प्रसिद्धी झाली ती मेहकरच्या गाडीमुळे. ते काही कामासाठी मेहकरला निघाले होते. स्टँडवर एक एसटी लागली होती. तिच्या पाटीचा रंग उडालेला, फक्त 'मे' एवढंच अक्षर वाचता येत होतं. दुसरा कोणी असता तर त्यानं कंडक्टरला विचारलं असतं. सरांनी मनात स्टार टाकला आणि खिडकीजवळ जाऊन बसले. गाडी देऊळगाव राजाकडे वळली तरी ते बसूनच होते. ती मेहुणा राजाची गाडी होती. संध्याकाळी धुळीनं पांढरे होऊन परत आले. मी पाणी दिलं. तांब्या तोंडाला लावायच्या आधी म्हणाले, "ताई, अट बरोबर होती. गाडी चुकली."

अशा माणसाच्या हाती आम्ही मोठ्या मुलीच्या लग्नाच्या आवतनाचं काम दिलं.

आमच्याकडे आवतन दोन प्रकारचं असतं. एक चूलबंद. म्हणजे त्या दिवशी त्या घरी चूल पेटवायची नाही. म्हातारे, लेकरं, आलेले पाहुणे, सालगडी, सगळ्यांनी लग्नाला यायचं आणि जेवायचं. दुसरं एक व्यक्ती. म्हणजे घरातून एकानं यावं आणि अक्षता टाकून, जेवून जावं. पत्रिकेच्या कोपऱ्यात ते लिहून देतात. एवढासा शब्द, पण कोणाला कोणता दिला यावरून सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद होतात. माझ्या दिराच्या मुलीच्या लग्नातलं तसलं भांडण तेव्हा अजून मिटलेलं नव्हतं. म्हणून आमच्या घरचे डोक्याला हात लावून ओसरीवर बसले होते आणि मला म्हणत होते, "कोनाले चूलबंद देऊ आन कोनाले येक व्यक्ती? कसंबी केलं तरी शिव्या मलेच हाय."

सर जिन्यातून ऐकत होते. ते दोन दोन पायऱ्या सोडत खाली आले.

"भाऊ! चूलबंद म्हणजे स्टार! एक व्यक्ती म्हणजे प्रश्नचिन्ह! एकच, पण घरातला कोणीही! हे आपल्याकडे आधीपासून आहे आणि मी वेड्यासारखं पोरांना इंग्रजीतून शिकवतो आहे!"

"मंग?"

"मंग काय, सगळी घरं मशीनमध्ये टाकू. अट लावू. मशीन सांगेल कोण चूलबंद आणि कोण एक व्यक्ती."

आमच्या घरचे तहसील कचेरीत शिपाई होते. साहेबाची सही असली की शिपायाला कोणी धरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एकच गोष्ट विचारली. "कोनी भांडाले आलं त?"

"मशीनकडे बोट दाखवायचं."

"मंग टाका."

पत्रिकांवर स्टार आणि प्रश्नचिन्हच छापू असं सर म्हणत होते. नावापुढं प्रश्नचिन्ह पाहून लोक काठ्या घेऊन येतील, असं यांनी सांगितलं तेव्हा ते शब्द लिहायला तयार झाले.

संध्याकाळी दोघं मशीनसमोर बसले. सर म्हणाले, "मी घराचं नाव घेईन. ते घर तुम्हाला किती जवळचं, तेवढा आकडा सांगा. बाकी मला काही सांगू नका. नात्यात माणसानं पडू नये, म्हणून तर मशीन आहे."

मी चहा घेऊन गेले तेव्हा काम रंगात आलं होतं.

"तुमच्या मोठ्या बहिणीचं घर?"

"आक्का? सोळा."

सरांनी यांच्याकडे एकदा पाहिलं. मग टक टक करून सोळा टाकले.

"खतांचं दुकान?"

"तो? दोन."

"वा," सर म्हणाले. "आणि ते बुलढाणा गाडीवरचे कंडक्टर?"

"गाडीत कधीमधी भेटते. तीन लिहा."

मग माझ्या भावाचं घर आलं. दादा माझा एकुलता एक भाऊ, डोणगावला शेती करतो. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि छाती पुढे काढून म्हणाले, "सोळा."

मला फार बरं वाटलं. सरांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझ्या घरात कोणी आजारी आहे. कप उचलताना हळूच म्हणाले, "ताई, वाईट वाटून घेऊ नका. होतं असं." मला वाटलं, मुलगी सासरी जाणार म्हणून म्हणत असतील. मी पदरानं डोळेही पुसले.

दुसऱ्या दिवशी सरांनी अट लावली, पत्रिकांच्या कोपऱ्यात लाल शाईनं आपल्या सुरेख अक्षरात लिहिलं, पाकिटं बंद केली, वर हळदीकुंकू लावलं आणि गावोगावच्या जीपवाल्यांच्या हाती देऊनही टाकली. खाली येऊन म्हणाले, "भाऊ, सगळं निःपक्ष झालं." आमच्या घरचे मांडवाच्या सामानात बुडालेले. त्यांनी एकही पाकीट उघडून पाहिलं नाही.

पहिला आला तो खताच्या दुकानाचा मालक. तो दारातच गहिवरला होता. "भाऊ, अख्ख्या घराले चूलबंद! आमचे भाऊबंद बी इतकं मानत नाई. मी नागपूरवरून सासू-सासऱ्यालेबी बोलावून घेतो."

आमच्या घरच्यांनी त्याला पाणी दिलं आणि तो गेल्यावर मला विचारलं, "याले कोनं देलं चूलबंद?"

मी उत्तर द्यायच्या आत आक्का आल्या. माझ्या या नणंदबाई गावातच राहतात, पण त्या दिवशी त्या चालत आल्या असं वाटलं नाही, उडत आल्या. पाकीट त्यांनी भावाच्या अंगावर टाकलं.

"येक व्यक्ती? सख्ख्या बहिनीले येक व्यक्ती? मी येकटी येऊ का? आन तुह्या भावजीले काय खुट्याले बांधून येऊ?"

यांनी जिन्याकडे बोट दाखवलं. "आक्का, मशीननं काढलं."

सर वरून आले. त्यांना अजून पूर्ण भरवसा होता. "आक्का, यात कोणाचा दोष नाही. हे पाहा," असं म्हणून त्यांनी हात पुढे केले आणि चोच उघडली. "ही चोच मोठ्याकडे. तुमचा आकडा सोळा. अट काय, पाचापेक्षा लहान..."

"हे चोच मोडून हातात देईन!" आक्का म्हणाल्या.

"थांब आक्का," हे म्हणाले. त्यांचा चेहरा बदलला होता. "सर, पाचाहून लहान काऊन? मोठे ते चूलबंद ना?"

"मोठे कसे? जितकं जवळ तितका आकडा लहान. एक म्हणजे दाराशी, सोळा म्हणजे लांब."

"लांब? अहो, सोळा म्हंजे सोळा आने! सोळा आने सख्खी बहीन!"

सर तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. "आणे? मी नात्यातले किलोमीटर समजलो."

"किलोमीटर!" आमच्या घरच्यांचा आवाज फुटला. "जिंदगी गेली माही तहसीलीत आनेवारीचे कागद नेता नेता! कागदावर पैसेवारी झाली तरी लोक पिकाले आनेच म्हनते. भरपूर पिकलं त सोळा आने, बुडालं त दोन आने. शेंबडं पोरगं बी सांगते! मले वाटलं तुम्हाले माहीत असन!"

"मी म्हटलं, किती जवळचं ते सांगा..."

"मी तेच सांगतलं!"

आक्का दोघांकडे आळीपाळीनं पाहत होत्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "म्हंजे मले सोळा देले होते?"

"सोळा," दोघं एकदम म्हणाले.

"मंग ठीक हाय," असं म्हणून त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लग्नाच्या कोठीची किल्ली मागून घेतली. गावातल्या बाकीच्या जवळच्या घरी सर सायकलवरून फिरले. प्रत्येक दारात त्यांनी माफी मागितली आणि चूलबंद सांगितलं. लांबच्यांना दिलेलं चूलबंद काही परत घेता येत नव्हतं. तोंडातला घास काढावा तसं ते दिसलं असतं.

डोणगावची जीप परत आली तेव्हा ड्रायव्हरनं निरोप आणला. दादा फक्त एवढंच म्हणाला होता, "येक व्यक्ती लिहिलं हाय. कोनी तरी येक येईल."

माझ्या हातातलं लाटणं तिथंच राहिलं. मुलीला बोहल्यावर आणायचं काम मामाचं. मामा मांडवात नसला तर ती जागा कोणी दुसऱ्यानं भरली तरी रिकामीच दिसते, आणि वरपक्ष वर्षानुवर्षं ते काढत बसतो. आणि दादा कसा आहे ते मला ठाऊक. तो भांडत नाही. गप्प बसतो. आमच्या एका चुलत्याशी तो असा गप्प बसला की चुलता वारला तरी बोलला नाही.

आमच्या घरच्यांना मांडव सोडता येत नव्हता. सर म्हणाले, "ताई, चूक माझी, मी येतो." मग कुंकवाचा करंडा घेऊन मी आणि सर जीपमध्ये बसलो. रस्ताभर सर काहीच बोलले नाहीत. त्यांना तसं पाहायची मला सवय नव्हती, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

दादा ओसरीवर खाटेवर बसला होता. पाकीट वर आढ्याच्या लाकडात खोचलेलं होतं, सगळ्यांना दिसेल असं.

"ये बाई," तो म्हणाला. "येकटीच आली? बरं केलं. आजकाल येक व्यक्तीच जमते."

वहिनीनं पाणी आणलं. सरांनी पाणी न पिताच सुरुवात केली. आणे सांगितले, किलोमीटर सांगितले, चोच दाखवली. दादा शांतपणे ऐकत होता. मध्येच म्हणाला, "म्हंजे मले सोळा आने देले?"

"सोळा. त्याहून मोठा आकडाच नाही."

दादाचा चेहरा थोडा सैल झाला. मला वाटलं, झालं. पण दादानं आणखी एक विचारलं. "आन तिच्या नणंदेले?"

दुसरा कोणी असता तर त्यानं पंधरा सांगितले असते. सरांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला असावा, कारण त्यांचं तोंड दोनदा उघडलं आणि मिटलं. मग ते म्हणाले, "सोळा."

"म्हंजे मी आन ते बाई सारखी?"

"हो," सर म्हणाले आणि दोन बोटं आडवी एकाखाली एक धरून बरोबरचं चिन्हसुद्धा करून दाखवलं.

वहिनीनं तोंडाला पदर लावला. दादा उठून उभा राहिला. "मास्तर, पानी प्या आन निघा."

"आकडे भाऊंनी सांगितले," सर घाईघाईनं म्हणाले. "ताईंना मी विचारलंच नाही. विचारायला पाहिजे होतं. घर त्यांचंही आहे."

दादा माझ्याकडे वळला. "मंग आता विचारा तिले. माह्यासमोर."

सर माझ्यासमोर आले. "ताई, दादांना किती?"

मी दादासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते. तेव्हाही केली नाही. शेणानं सारवलेल्या जमिनीकडे पाहून म्हटलं, "पोरीले मामा येकच हाय. त्याले कायचा आकडा?"

गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली. मी उठून दादाला कुंकू लावलं, वहिनीला लावलं. दादा म्हणाला, "पाहू."

'पाहू' म्हणजे काय, हे आमच्या आईलाही कधी कळलं नव्हतं. आम्ही दारापर्यंत गेलो. तिथून सर परत वळले. त्यांना तसं निघवेना. "दादा, चूलबंद," ते ओसरीकडे पाहून मोठ्यानं म्हणाले. "स्टार! तुमच्यापासून सुरू होणारं सगळं!"

"सगळं?" आतून आवाज आला.

"सगळं!"

"मंग पाहून घ्या मास्तर."

लग्नाच्या दिवशी लांबची मंडळी सगळ्यात आधी आली. खतवाला आला, त्याचं घर आलं, नागपूरचे सासू-सासरे आले, दुकानातले हमाल आले. कंडक्टर आला तो अर्धी गाडी घेऊन आल्यासारखा. आक्का कोठीच्या दारात उभ्या राहून ओरडत होत्या, "हे कोन? हे कोनाचे कोन होय?"

"दोन आन्याचे," हे खाली मान घालून सांगायचे. "ते तीन आन्याचे."

पहिल्या पंगतीतच वरण घटायला लागलं. आक्का पाणी ओतायला सांगत होत्या, आचारी नाही म्हणत होता. मी मांडवाच्या खांबाला धरून रस्त्याकडे पाहत होते. मुलगी आत पाटावर तयार बसली होती. भटजींनी दोनदा विचारलं, "मामा आले का?" व्याह्यांकडच्या बायका आपसात कुजबुजू लागल्या.

आणि वळणावर ट्रॅक्टर दिसला. ट्रॉलीत उभ्यानं माणसं. दादा पुढे फेटा बांधून, वहिनी, लेकरं, दोघा सालगड्यांची घरं, शेजारी, शेजाऱ्यांच्या म्हाताऱ्या, डोणगावचा न्हावी, आणि कोणीतरी असे की ते दादाचे कोण हे मला आजपर्यंत कळलं नाही. आमच्या घरच्यांनी ती ट्रॉली पाहिली आणि खुर्ची ओढून बसूनच घेतलं. पण मागून दुसरा ट्रॅक्टर आला. त्यात माणसं नव्हती. मोठं पातेलं होतं, तुरीच्या डाळीची पोती, गव्हाचं पीठ, तेलाचा डबा आणि वर सरपणाची मोळी.

"घरची चूल बंद केली," दादा खाली उतरत म्हणाला, "म्हून ते संगंच घेऊन आलो. पेटवा."

आक्का भांडायला पुढे झाल्या होत्या. डाळ पाहून तशाच वळल्या आणि आचाऱ्याला चुलीसाठी विटा आणायला पाठवलं.

मी दादाच्या पाया पडायला वाकले. त्यानं मला उठवलं, पण मांडवात पाय ठेवला नाही. इकडे तिकडे पाहून म्हणाला, "मास्तर कुठी हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. सकाळपासून सर कोणाला दिसलेच नव्हते.

"सगळं आना म्हनला होता. सगळं आनलं. आता त्यानं येऊन पाह्यलं पाह्यजे. तो आल्याबिगर मी पोरीचा हात धरत नाई."

"मुहूर्त!" भटजी ओरडले.

"मंग आना त्याले."

मी कोणाला काही न सांगता निघाले. नवं लुगडं, डोक्यावर पदर, नवरीची आई भरलग्नात जिना चढताना सगळ्या गावानं पाहिली. मला तेव्हा लाज वाटायला वेळ नव्हता.

माडीचं दार उघडंच होतं. मशीनवर कापड झाकलेलं. सर खुर्चीवर ताठ बसले होते. नवा सदरा, पावडर लावलेलं तोंड, भांग पाडलेला, पायात पॉलिश केलेले बूट. कधीचे तयार होऊन बसले होते कोण जाणे.

"सर, चला. दादा आला."

"आले?" ते एकदम उठले आणि परत बसले. "छान झालं, ताई. घ्या उरकून."

"तुम्ही काऊन येत नाई?"

"मी सगळी घरं टाकली मशीनमध्ये," ते म्हणाले. "माझं टाकलंच नाही. पत्रिकाही नाही. आवतनच नाही ताई, येऊ कसा? आणि एवढा घोटाळा करून..."

मी आयुष्यात कोणावर ओरडले नव्हते. तेव्हा ओरडले. "तुमच्या घरी चूल हाय का?"

"नाही."

"मंग कुठी हाय तुमची चूल?"

सरांनी मशीनवरचं कापड सारखं केलं.

"माह्या घरात हाय. आन ते आज बंद हाय. उपाशी मरता का इथी बसून?"

सर उठले. आम्ही जिना उतरू लागलो. खाली मांडवात दादाची माणसं पातेलं उतरवत होती, भटजी घसा खाकरत होते, दादा फेटा सावरत वर पाहत होता. मधल्या पायरीवर सर थांबले. त्यांनी मला अगदी हळू विचारलं, "ताई, मग मी किती आणे?"

"सर," मी म्हटलं, "मुहूर्त चालला. पाय उचला."